उलटं वेटोळं

न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रातल्या समीक्षकाला सिनेमातलं प्रेम आवडलं नव्हतं, वादळ आवडलं नव्हतं, आणि अडीच महिने खाऱ्या वाऱ्यात राहूनही नायिकेचे केस जागचे हलत नाहीत हे तर मुळीच आवडलं नव्हतं. पण दोर गुंडाळणारे नायकाचे ते दोन हात, असं त्याने शेवटी लिहिलं होतं, इतके खरे आहेत की त्यांच्यापुढे बाकीचा सिनेमा खोटा पडतो. शिकागोच्या साप्ताहिकाने दोन तासांचा सिनेमा दीड तासात आटोपला असता म्हणून नाक मुरडलं आणि हातांपाशी येऊन तेही विरघळलं. यांतल्या निम्म्या लोकांना साध्या होडीत बसलं तरी मळमळत असणार, पण समुद्राबद्दल लिहायला मळमळ आड येत नाही.

ते हात नायकाचे नव्हतेच. ते हॉलिवूडजवळच्या सान पेद्रो बंदरात राहणाऱ्या एलियास हाउगनचे होते, आणि एलियास तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. नॉर्वेहून पंधराव्या वर्षी जहाजावर चढलेला हा माणूस, शिडाच्या जहाजांवर तांडेल म्हणून पंचवीस वर्षं काढून निवृत्त झालेला. ‘मार्था केनचा शेवटचा फेरा’ या सिनेमासाठी कंपनीने एक जुनं लाकूडवाहू जहाज विकत घेतलं, तेव्हा त्याची दोरदोरखंडं बांधून द्यायला आणि नटांना दोन गाठी शिकवायला एलियासला बोलावलं. नायकाचा जबडा झकास होता, छाती झकास होती, पण हात असे की आयुष्यात पेल्याहून जड काही उचललेलं नाही हे आंधळ्यानेही सांगावं. शेवटी जवळून घ्यायच्या दृश्यासाठी नायकाचा कोट एलियासच्या अंगात चढवला, रंगभूषेच्या बाईने त्याच्या मनगटांवरचे पांढरे केस काळे केले आणि कॅमेऱ्याने मानेखालचं तेवढं टिपलं, कोट, हात आणि मागे सरकणारं पाणी.

काम झाल्यावर नायक स्वतः त्याच्याकडे आला होता. बिचारा पोरासारखा लाजला होता. ‘‘मिस्टर हाउगन, हे आपल्या दोघांतच राहील ना?’’ एलियासने हात पुढे करून शब्द दिला. मग त्याने तो शब्द इतका पाळला की बायकोलाही सांगितलं नाही. रग्नाला एवढंच माहीत होतं की नवरा नटांना दोर शिकवायला जातो आणि संध्याकाळी मनगटं घासत बसतो.

शुक्रवारी सिनेमा गावात लागला. एलियास आणि रग्ना तिसऱ्या रांगेत बसले होते, ती ठेवणीतली टोपी घालून, तो चर्चचा कोट घालून. पाऊण तासाने जहाज बंदर सोडून निघालं, नायक कठड्यापाशी आला, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर एलियासचे हात दोर गुंडाळू लागले. सारं मिळून बारा सेकंद.

त्या बारा सेकंदांत एलियास खुर्चीत पुढे झुकला. हात उलटे फिरत होते.

दोर गुंडाळायचा तो सूर्य फिरतो तसा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. जहाजावर पाय ठेवला की शिकवतात ती ही पहिली गोष्ट. तसा पीळच असतो दोराला. उलटा गुंडाळला तर तो पिळवटतो, आणि ऐन वेळी सोडायला गेलं की कुणाच्या तरी पायात गुंततो. शिवाय ते अपशकुनी मानतात, ते वेगळंच. उलटं वेटोळं घालणाऱ्याला एलियासने स्वतः पंचवीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. आणि आता साऱ्या गावासमोर त्याचेच हात, शांतपणे, सफाईने, सूर्याच्या उलट चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरच्या बाकावर नेहमीची मंडळी जमली होती. कप्तान रेनी हा स्कॉटलंडचा, ऐंशीच्या घरातला, आवाज अजून वादळात ऐकू जाईल असा. त्याच्या शेजारी निकोला, दालमेशियाच्या किनाऱ्यावरून आलेला जुना मच्छीमार, कायम काहीतरी चघळत बसलेला.

‘‘आले!’’ निकोला ओरडला. ‘‘हॉलिवूडचे मास्तर आले! सरका, जागा द्या.’’

‘‘हाउगन,’’ कप्तान म्हणाला, ‘‘त्या गुळगुळीत गाढवाला दोर गुंडाळायला कोणी शिकवलं?’’

‘‘मीच, कप्तान.’’

‘‘तू? अरे, ते उलटं गुंडाळतंय! माझ्या जहाजावर असतं तर त्याला बटाटे सोलायला बसवलं असतं.’’

‘‘बटाटेसुद्धा उलटे सोलले असते त्याने,’’ निकोला म्हणाला. ‘‘एलियास, खरं सांग, त्यांनी पैसे किती दिले आणि तू शिकवलंस किती?’’

सगळे हसले. खरं तर सुटायला वाट मोकळी होती. नटाला अक्कल नाही, मी काय करू, एवढं म्हटलं असतं तरी बाकावरच्यांनी मान डोलावली असती आणि नटाची आणखी तासभर टर उडवली असती. पण एलियासला ठाऊक होतं की ते हात कोणाचे. तो ‘‘चूक माझीच आहे’’ एवढं म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून घरी निघाला. चेष्टेचं त्याला काही वाटलं नव्हतं, चेष्टा तर तो स्वतःही करायचा. त्याला भीती वाटली होती.

भीती ब्रेविकची होती. ब्रेविक म्हणजे त्याला दोर शिकवणारा म्हातारा तांडेल. एक दिवस डेकवर उभ्याउभ्या ब्रेविकने दोर उलटा गुंडाळला होता, आणि कोणीतरी हटकल्यावर हातांकडे बघतच राहिला होता. सहा महिन्यांत त्याला गाठी आठवेनाशा झाल्या. वर्षाने तो नॉर्वेत, बर्गनच्या एका खोलीत खिडकीशी बसून होता आणि भेटायला गेलेल्या एलियासला कोण तुम्ही, म्हणून विचारत होता. डोकं जायच्या आधी हात जातात, हे एलियासने तेव्हापासून मनाशी धरून ठेवलं होतं. त्याला स्वतःला तर आठवत होतं की त्याने दोर बरोबर गुंडाळला. शपथेवर सांगितलं असतं त्याने. पण पडदा समोर होता, आणि ब्रेविकलाही आपण बरोबरच करतोय असंच वाटत होतं.

त्यानंतर एलियासने दोराला हात लावायचा सोडला. बाहेर पडताना बुटांच्या नाड्या बांधतानाही तो बोटांकडे बघू लागला. शेजाऱ्याची होडी बांधून द्यायची होती, तेव्हा गुडघा दुखतोय म्हणाला. बाकावर जाणं बंद झालं. बंदरात जहाजं येत-जात होती, तो वरच्या पायऱ्यांवर बसून ती मोजत होता, आणि मोजणी चुकत तर नाही ना म्हणून परत मोजत होता.

कदाचित तो तसाच बसून राहिला असता. पण पंधरा दिवसांनी गावच्या ‘हार्बर बेल’ या पेपरात मिस हेस्टर व्हॉर्टनचं स्फुट आलं. सिनेमा तिसऱ्या आठवड्यात गेला, असं तिने आनंदाने लिहिलं होतं. पुढे आणखी आनंदाने लिहिलं होतं की खलाशांच्या नव्या शाळेत चाळीस मुलांना हा सिनेमा मुद्दाम दाखवणार आहेत, दोर कसा हाताळावा हे त्यांनी पाहावं म्हणून.

चाळीस मुलं उलटं वेटोळं शिकणार होती, आणि त्याच्या हातांकडून शिकणार होती. एलियासने कोट चढवला. जहाजावर चूक झाली की ज्याची चूक त्याने कप्तानापुढे जाऊन सांगायची असते. इथे कप्तान कोण ते स्पष्ट नव्हतं, तेव्हा तो पेपरच्या कचेरीत गेला.

मिस व्हॉर्टन पस्तिशीची, चष्मा कपाळावर चढवलेली, बोटांना शाई. पेपरात ती सहा वर्षं कपडे बेतण्याचं सदर लिहीत होती. सिनेमाचा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा मालकाने सिनेमाही तिच्याच गळ्यात मारला होता.

‘‘तुम्ही शाळेला कळवा,’’ एलियास उभ्यानेच म्हणाला. ‘‘तो दोर उलटा गुंडाळलाय. मुलांना दाखवू नका म्हणावं.’’

‘‘मिस्टर हाउगन, बसा तरी. न्यूयॉर्कपासून सगळे त्या हातांवर फिदा आहेत आणि तुम्ही म्हणता चूक?’’

‘‘न्यूयॉर्कला काय कळतं? इथे धक्क्यावर कोणालाही विचारा.’’

‘‘बरं, चूक. पण नटाची. तुम्ही का एवढं मनाला लावून घेता?’’

‘‘नटाची नाही. माझी.’’

‘‘तुम्ही त्याला उलटं शिकवलंत?’’

एलियास समोरच्या खुर्चीत टेकला. मिस व्हॉर्टनने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे पाहिलं. रुंद नखं, फुगलेले सांधे.

‘‘अगं बाई,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘मी काही बोललेलो नाही,’’ एलियास घाईने म्हणाला. ‘‘मी शब्द दिलाय.’’

‘‘तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी काहीच ऐकलं नाही.’’ तिने टेबलाच्या कप्प्यातून पार्सलच्या जाड सुतळीचा गुंडा काढून पुढे सरकवला. ‘‘मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दाखवा बघू, बरोबर म्हणजे कसं.’’

एलियासने हात कोटाच्या खिशात घातले. ‘‘नको,’’ तो म्हणाला.

आता मिस व्हॉर्टन बडबडी होती, पण मठ्ठ नव्हती. एका म्हाताऱ्या खलाशाने सुतळीला घाबरावं, हे पाहून तिला गलबलून आलं. तिने टोपी उचलली. ‘‘दोनचा खेळ मिळेल आपल्याला. मला चूक दाखवा. न पाहता मी दुरुस्ती छापत नाही.’’

बुधवारच्या दुपारी थिएटरात मोजकी डोकी होती. बाजाराच्या पिशव्या घेऊन टेकलेल्या दोन बायका आणि पहिल्या मिनिटापासून घोरणारा एक गृहस्थ. जहाज निघालं, नायक आला, हात आले. एलियासने मान खाली घातली.

‘‘हे बघा,’’ तो पुटपुटला, ‘‘उलटे.’’

हात गेले, दृश्य गेलं, जहाज क्षितिजाला लागलं, तरी मिस व्हॉर्टन पडद्याकडे बोट करून बसली होती.

‘‘त्याचा कोट,’’ ती म्हणाली.

‘‘कोटाचं काय?’’

‘‘बटणं. मिस्टर हाउगन, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. बाईच्या कोटाची उजवी डावीवर. सहा वर्षं मी दुसरं काही लिहिलेलं नाही. या गृहस्थाने मघाशी दारूच्या गुत्त्यात कोट बरोबर घातला होता. जहाजावर येता येता तो बाईचा कसा झाला?’’

‘‘मला काही समजत नाही.’’

‘‘त्यांनी फिल्म पालथी घातलीय हो! मागची बाजू पुढे केलीय. आरशात दिसतं तसं झालंय सगळं.’’ ती इतक्या मोठ्याने बोलली की घोरणारा गृहस्थ जागा झाला. ‘‘या सिनेमात घर सोडताना जहाज कायम उजवीकडे जातं, आणि घरी येताना डावीकडे. प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून हे लोक तेवढं जिवापाड सांभाळतात. त्या दिवशी तुमचं जहाज कुठल्या बाजूला चाललं होतं?’’

एलियासला तो दिवस लख्ख आठवला. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत होता, जहाज दुसऱ्या बाजूला न्या, दुसऱ्या बाजूला! आणि एलियासने त्याला सांगितलं होतं की वारा तुमच्या पगारावर नाही, तो वाहील तिकडेच जहाज जाईल. दिग्दर्शक चडफडत गप्प बसला होता. म्हणजे तिथे हरला आणि कात्री चालवणाऱ्यांच्या खोलीत जाऊन जिंकला!

‘‘डावीकडे,’’ एलियास म्हणाला. मग लगेच त्याचा धीर सुटला. ‘‘पण तुम्हाला तसं वाटत असेल. बटणं काय, शिंप्याचीही चुकतात.’’

‘‘मग बसा. खेळ संपून पुन्हा लागेल. तुम्ही तुमचा दोर बघा, मी माझी बटणं बघते.’’

ते बसून राहिले. बुडणारं जहाज बुडालं, नायिका वाचली, बातम्या झाल्या, कार्टूनमधला एक उंदीर नाचून गेला, आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी हात आले तेव्हा एलियासने हातांकडे बघितलंच नाही. त्याने दोराकडे बघितलं. दोराचा पीळ चढतो तो उजवीकडे. जहाजावरचा प्रत्येक दोर त्याने स्वतः निवडून घेतला होता, एकूण एक उजव्या पिळाचा. पडद्यावरच्या दोराचा पीळ डावीकडे चढत होता. तसला दोर त्या जहाजावर हातभरसुद्धा नव्हता.

त्याच्या तोंडातून नॉर्वेजियन भाषेत असं काही निघालं की मिस व्हॉर्टनला भाषा येत नसूनही ती लाजली.

तो उठला तो तडक बाहेरच्या दालनात. तिथे तिकीट काढणाऱ्यांची रांग धरायला पितळी खांबांना लाल मखमली दोर अडकवलेला होता. एलियासने तो खटकन सोडला. त्याने डोळे मिटले आणि दोर ओढून घेतला, एक फेर, दुसरा, तिसरा. डोळे उघडले तेव्हा वेटोळं त्याच्या डाव्या हातात सरळ लटकत होतं, सूर्य फिरतो तसं. त्याने ते मोडलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा मोडलं, पुन्हा घातलं.

‘‘ओ आजोबा,’’ दारावरचा माणूस धावत आला, ‘‘काय चाललंय? दोर ठेवा खाली!’’

‘‘गुंडाळू द्या त्यांना,’’ मिस व्हॉर्टन म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. ‘‘पंधरा दिवस मी पालथ्या समुद्राची स्तुती करतेय, मला कोणी अडवलं का?’’

उद्याच्या अंकात सगळं छापते, शाळेला आजच फोन करते, असं तिने कबूल केलं. हात कोणाचे हे छापणार नव्हती. फक्त दोर उलटा नसून फिल्म उलटी आहे, आणि ज्याने दोर शिकवला त्याने अगदी बरोबर शिकवला, एवढंच. दारावरच्या माणसाने मखमली दोर परत अडकवला तेव्हा तो पूर्वीपेक्षा नीट बसला होता, पण त्याने तसं कबूल केलं नाही.

एलियास चढण चढून घरी आला तेव्हा साडेसहा वाजत होते आणि ऊन अजून खिडकीत होतं. रग्ना तव्यावर बटाट्याच्या पोळ्या भाजत होती. लोणी आणि साखर टेबलावर मांडून ठेवली होती.

‘‘कुठे होतास एवढा वेळ?’’

‘‘सिनेमाला. दोनदा.’’ तो खुर्चीत टेकला आणि हसू आवरेना. ‘‘रग्ना, अगं तो दोर उलटा नाहीये. त्यांनी फिल्म पालथी घातलीय. जहाज नको त्या बाजूला चाललं होतं म्हणून सगळंच उलटं केलं त्या मूर्खांनी. पीळसुद्धा उलटा दिसतोय. मी स्वतः बघितलं.’’

रग्नाने पोळी उलटायची सोडून दिली. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर येऊन बसली.

‘‘परत सांग,’’ ती म्हणाली.

त्याने परत सांगितलं, बटणांसकट. सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं की ती रडतेय. पाच पोरांच्या बाळंतपणात आणि दोन जहाजं बुडाल्याच्या बातम्यांत त्याने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

‘‘तुला काय झालं? नटाच्या दोराचं तुला एवढं...’’

‘‘नटाच्या?’’ रग्ना म्हणाली. ‘‘एलियास, चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. केस काळे केले म्हणून तुझे हात मी ओळखणार नाही? तुझ्या शेजारीच बसले होते की मी. मला दोरातलं कळत नाही असं वाटतं तुला? मीही खलाशाचीच मुलगी आहे.’’

एलियासने टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

‘‘तुला ब्रेविक आठवला असणार, हे मला कळलं. मला पण तोच आठवला. तू बोलला नाहीस, मग मी कशी बोलणार? पंधरा दिवस रोज तुला काहीबाही विचारत होते, तुझ्या लक्षात नाही आलं? धाकटीचा वाढदिवस कधी, आपण घर घेतलं ते साल कुठलं, मामाच्या कुत्र्याचं नाव काय.’’

‘‘ते होय!’’ एलियास ताडकन म्हणाला. ‘‘मला वाटलं तूच विसरायला लागलीस! मी म्हटलं, आता हिचंही सुरू झालं. म्हणून मी न चिडता सगळी उत्तरं देत होतो.’’

रग्ना रडता रडता हसायला लागली, आणि तो हसायला लागला, आणि तव्यावरची पोळी एका बाजूने करपून गेली. दोघं पंधरा दिवस एकमेकांना सांभाळत होते आणि एकमेकांना काही कळू देत नव्हते. पोट धरून हसून झाल्यावर तिने एप्रनने डोळे पुसले.

‘‘एक प्रश्न मात्र मी मुद्दाम विचारला नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘रोज ओठांवर यायचा. धीरच होत नव्हता.’’

‘‘मग विचार आता.’’

‘‘माझं नाव काय?’’

एलियासने टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा हात धरला.

‘‘रग्ना,’’ तो म्हणाला.